दोन डब्यांचा डिंक

आकाशातून जाणारे विमान आपण सर्वांनी पाहिले आहे. पण दीड हात लांबीचे, खरोखर उडणारे विमान पाहिले आहे का? शाळा-कॉलेजातली मुले अशी विमाने बनवतात. एन. सी. सी.च्या हवाई शाखेत तर ती बनवायला शिकवतात. उद्या आपला मुलगा किंवा पुतणी हे काम घरी घेऊन आली, तर आपल्यालाही त्यातले चार शब्द कळले पाहिजेत.

या विमानाच्या पंखाला जो डिंक लागतो, त्याच जातीचा डिंक आपण फुटलेल्या पाइपाला आणि गळणाऱ्या पंपालाही लावतो. त्याचे नाव एपॉक्सी. एम-सीलच्या दोन कांड्या मळून आपण गळती बुजवतो ना? तेही एपॉक्सीच. तेव्हा ही माहिती घरोघरी उपयोगाची आहे.

पंखाचा जोर कशात असतो?

विमानाचा सगळा भार पंखावर असतो. लहान विमानाचा पंख पुष्कळदा थर्मोकोलचा कापतात. थर्मोकोल हलका, पण कच्चा. बोटाने दाबला तरी खड्डा पडतो. म्हणून त्यावर काचेच्या धाग्याचे पातळ कापड पसरतात आणि त्या कापडात एपॉक्सी मुरवतात. खळ घातलेले कापड कसे ताठ होते? तसेच हे. पण हे कापड पत्र्यासारखे कडक होते आणि पाण्याने सुटत नाही.

डिंक कच्चा राहिला तर काय होते, ते मोठ्या विमानांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांकडे मॉस्किटो नावाचे लाकडी विमान होते. त्याचे सांधे डिंकाने जोडलेले असत. तो डिंक एपॉक्सी नव्हता, दुसरा होता. 1944 साली हिंदुस्थानात अशा काही विमानांना अपघात झाले. पंख हवेत मोडले. तपास करणाऱ्यांत कारणाबद्दल मतभेद झाले. कुणी पावसाळी हवेला दोष दिला, कुणी कारखान्यातल्या कामाला. पण पंखाचे सांधे हवे तसे चिकटलेले नव्हते, हे तपासणीत दिसून आले. सांधा वरून चांगला दिसतो. आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डिंकाचे काम आधीच नीट करावे लागते.

लहान विमानात माणूस बसत नाही, हे खरे. पण तेही वेगाने खाली येते. खाली माणसे उभी असतात, पोरे उभी असतात. पंख मोडून ते कुणाच्या डोक्यावर पडले तर खेळ महागात पडेल.

हे विरजण नव्हे

एपॉक्सी दोन डब्यांत मिळते. एका डब्यात रेझिन, म्हणजे एक प्रकारची राळ. दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे तिला कडक करणारा पदार्थ. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही महिनोन् महिने पातळ राहतात. एकत्र केले की काही वेळात दगडासारखे होतात.

आपल्याला वाटते, हार्डनर म्हणजे विरजण. दुधात विरजण जरा जास्त पडले तर दही लवकर लागते, कमी पडले तर उशिरा लागते. एवढेच. पण एपॉक्सीचे तसे नाही, बरं का!

सदऱ्याची बटणे आणि काजी आठवा. दहा बटणांना दहाच काजी लागतात. काजी कमी असल्या तर बटणे मोकळी राहतात. बटणे कमी असली तर काजी मोकळ्या राहतात. रेझिन आणि हार्डनर यांचे असेच आहे. रेझिनचा प्रत्येक कण हार्डनरच्या कणाला धरतो. एक जरी जास्त झाले, तर जे उरते ते तसेच मोकळे राहते. मग थर चिकट राहतो, नाही तर लवचीक किंवा ठिसूळ होतो. म्हणून काम लवकर व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालू नये. घाई असेल तर लवकर आवळणारा हार्डनर विकत घ्यावा.

कोणते घ्यावे?

दुकानात पॉलिस्टर रेझिन नावाची दुसरी जातही मिळते. ती स्वस्त असते. तिच्यात हार्डनरचे थोडेच थेंब घालतात, आणि थेंब वाढवले की ती लवकर आवळते. पुष्कळांना हीच सवय असते आणि तीच ते एपॉक्सीला लावतात. शिवाय पॉलिस्टर रेझिन थर्मोकोलवर ओतले तर थर्मोकोल विरघळतो. पंखाच्या जागी खड्डा उरतो! एपॉक्सी थर्मोकोलला खात नाही. म्हणून थर्मोकोलच्या पंखाला एपॉक्सीच घ्यावे.

एपॉक्सीतही प्रकार आहेत. पाच मिनिटांत आवळणारे एपॉक्सी छोट्या डागडुजीला ठीक. पण पंखावर कापड बसवायला पाच मिनिटे पुरत नाहीत. कापडात ते नीट मुरतही नाही. पंखासाठी पातळ आणि सावकाश आवळणारे घ्यावे. पंखाच्या कण्याचा जोडही सावकाश आवळणाऱ्या एपॉक्सीनेच करावा.

मापाने की वजनाने?

आता मुख्य गोष्ट. किती रेझिनला किती हार्डनर? प्रत्येक कंपनीच्या मालाचे प्रमाण निराळे असते. एकाला 100 ग्रॅमला 10 ग्रॅम हार्डनर लागतो. दुसऱ्याला मापाने 5 भागांस 1 भाग लागतो. तिसऱ्याला दोन्ही सारखे लागतात. शेजाऱ्याचे प्रमाण आपल्या डब्याला चालत नाही.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा डब्यावरचे वाचावे. मजकूर इंग्रजीत असला तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. त्याला एक गोष्ट जरूर विचारावी: हे प्रमाण मापाचे आहे की वजनाचे? पायलीभर ज्वारी आणि पायलीभर कोंडा यांचे वजन सारखे भरत नाही. तसेच रेझिन जड, हार्डनर हलका. दोन नळ्यांच्या एका प्रसिद्ध डिंकात मापाने दोन्ही सारखे घेतात. पण वजनाने तेच प्रमाण 100 ला 80 असे होते. मापाचा आकडा काट्यावर चालवला तर हार्डनर जास्त पडतो आणि काम बिघडते.

एक हिशोब करून पाहू या. अर्धा पंख 60 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर रुंद आहे. वरची आणि खालची बाजू मिळून 2400 चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे पाव चौरस मीटरला जरा कमी. कापड चौरस मीटरला 50 ग्रॅम वजनाचे घेतले, तर त्यातले 12 ग्रॅम लागेल. ठोकळ नियम असा, की जितके कापडाचे वजन तितकेच एपॉक्सी. म्हणजे 12 ग्रॅम. काही थर्मोकोल पितो, काही पेल्याला आणि ब्रशला लागते. म्हणून 22 ग्रॅम बनवू. प्रमाण 100 ला 10 असेल, तर 20 ग्रॅम रेझिन आणि 2 ग्रॅम हार्डनर.

फक्त 2 ग्रॅम! किराणा दुकानाच्या काट्यावर हे कसे मोजणार? काट्यात अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तर 2 चे दीड होतील, नाही तर अडीच होतील. चौथा हिस्सा चुकला! सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लहान काटा हवा. आधी रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग रेझिन, मग थेंबाथेंबाने हार्डनर.

ढवळणे आणि वेळ

पेला साधा, कोरडा घ्यावा. घरातले जेवणाचे भांडे घेऊ नये. कमीत कमी दोन मिनिटे ढवळावे. कडा आणि तळ खरवडून घ्यावा. तिथे न मिसळलेले रेझिन लपून बसते. शक्य तर सगळे दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे.

डब्यावर आवळण्याची वेळ दिलेली असते. ती बहुधा 25 अंश उष्णतेची असते. उष्णता 10 अंशांनी वाढली की वेळ साधारण निम्मी होते. म्हणून आपल्याकडे वैशाखात हे काम भल्या पहाटे करावे. एपॉक्सी आवळताना स्वतःही तापते. पेल्यात जास्त साठा राहिला तर पेला वितळतो, धूरही निघतो. तेव्हा थोडे थोडे बनवावे आणि लगेच पसरावे.

पावसाळ्यात वाळलेल्या थरावर कधी तेलकट साय दिसते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, मग पुढचा थर द्यावा. तयार पंखाला पांढरा रंग द्यावा. काळा पंख उन्हात फार तापतो आणि तापलेले एपॉक्सी मऊ पडते.

हाताची काळजी

एपॉक्सी कातडीला लागू देऊ नये. पहिल्या खेपेस काहीच होत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण पुन्हा पुन्हा लागले तर खाज आणि पुरळ उठते. एकदा अंगाला ते बाधू लागले की बहुधा जन्मभर बाधते. रबरी हातमोजे घालावेत. खोलीला वारा असावा. हाताला लागले तर पुसून साबणाने धुवावे, थिनरने नव्हे. कडक झाल्यावर घासताना नाकावर मास्क लावावा. डबे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

पेला काय सांगतो?

काम झाल्यावर पेल्यातले उरलेले एपॉक्सी फेकू नये. ते एक दिवस तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यावर नख दाबावे. नख उमटले नाही तर प्रमाण जमले. तरीही डब्यावर सांगितलेले दिवस पुरे होऊ द्यावेत. नख उमटले, बोट चिकटले, तर आणखी दोन दिवस थांबून पुन्हा पाहावे. तरी चिकटच असेल, तर तो पंख उडवू नये. वरून नुसता हार्डनर चोपडून तो सुधारत नाही. थर खरवडून काढावा आणि नव्याने करावा. मुलाचे तोंड उतरेल, आठ दिवसांची मेहनत वाया जाईल. पण पंख जमिनीवरच नाकारलेला बरा.

सोडवा पाहू: प्रमाण वजनाने 100 ला 10 आहे. आपण 35 ग्रॅम रेझिन घेतले. हार्डनर किती घ्याल?