ऑस्ट्रेलियात कॅफेतलं काम शोधताना

२०२४पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांनाही ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सोडतीने मिळू लागला आहे. कॅफे-पबमधलं काम शोधायचं तर दुपारची गर्दी ओसरल्यावर स्वतः जावं आणि बायोडेटा मॅनेजरच्याच हाती द्यावा. दारू वाढायची असेल तर आरएसए प्रमाणपत्र आधीच काढावं. ‘कॅज्युअल’ कामगाराला वार्षिक वा आजारपणाची भरपगारी रजा नसते, म्हणून तासाच्या मूळ दरावर सहसा २५ टक्के जादा मिळतात. दर ठरवताना हे विचाराच, संकोच नको. कौशल्य पाहण्यापुरती थोडा वेळ चाचणी घेणं ठीक. पण ‘ट्रायल’ म्हणून अख्खी शिफ्ट फुकट राबवून घेणं तिथे बेकायदा आहे. त्याची तक्रार फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे करता येते. या व्हिसावर एका मालकाकडे मात्र साधारणपणे सहा महिनेच काम करता येतं.