लीला राव यांचे विम्बल्डन

विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मुंबईच्या लीला राव यांचा. १९३४ साली त्यांनी पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरविले. दुसऱ्या फेरीत मात्र फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. मातोश्री पंडिता क्षमा राव म्हणजे ‘सत्याग्रहगीता’ रचणाऱ्या संस्कृत कवयित्री, आणि त्या स्वतः टेनिसही खेळत! अशा घरातून ही मुलगी कोर्टावर आली, हे ध्यानात घेतले पाहिजे. गुण कोठेही उपजतो. रॅकेट, कोर्ट आणि मोकळा वेळ यांची वाटणी तशी होत नाही. बिलोलीसारख्या गावातील चपळ मुलगी शाळा सुटताच घरकामाला जुंपली जाते. तिच्यासाठी संध्याकाळी दोन तास मैदान राखून ठेवण्यास फारसे अनुदानही लागणार नाही.