तीन पंच, सहा डोळे

गेल्या हंगामात गाळप ऐन जोरात असताना कार्यस्थळावरील मैदानात मुलांचे बास्केटबॉलचे सामने झाले. एका सामन्यात चेंडू डाव्या कोपऱ्यात होता आणि उजव्या अंगाला आपल्याच एका सभासदाच्या मुलाला कोपर लागून ओठ फुटला. शिट्टी काही वाजली नाही. "पंच झोपले होते काय?" म्हणून एकच गलका झाला. आम्ही तिथेच होतो. खरे सांगायचे तर पंच झोपले नव्हते. दोघांचेही डोळे चेंडूवर होते. २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद मैदान आणि दहा खेळाडू दोघांनी राखायचे म्हणजे कुठेतरी फट राहणारच.

यावर उपाय तीन पंचांचा. उसाला पाणी देताना एकजण दारे धरतो, दुसरा सरीच्या टोकाला उभा राहतो. दोघेही दाऱ्यावरच थांबले तर बांध फुटलेला कळणार कोणाला?

पहिला पंच 'लीड'. तो बास्केटच्या मागे, शेवटच्या रेषेबाहेर. बास्केटखालची धक्काबुक्की त्याने बघायची. दुसरा 'ट्रेल'. तो लीडच्याच बाजूला, पण मागे मध्यरेषेकडे. चेंडू खेळवणारा आणि त्या बाजूने लांबून मारलेला चेंडू याच्याकडे. तिसरा 'सेंटर'. तो समोरच्या कडेला, फ्री थ्रोच्या रेषेच्या सरळीत. चेंडूपासून लांब काय चालले आहे ते त्याने बघायचे. ओठ फुटला तो याच्याच हद्दीत, आणि नेमका हाच पंच आपल्याकडे नव्हता!

चेंडू दुसऱ्या बाजूला जाऊन खेळ तिथेच रंगला, की लीड शेवटच्या रेषेमागून त्या बाजूला जातो. मग तिथला सेंटर ट्रेल होतो आणि जुना ट्रेल सेंटर. ही अदलाबदल लीडनेच सुरू करायची. चेंडू हिसकावला जाऊन खेळ उलटला तर ट्रेल पळत पुढे जाऊन लीड होतो, लीड मागून येऊन ट्रेल होतो. सेंटर मात्र सेंटरच राहतो.

कोणी म्हणेल, तिसऱ्याचे मानधन कशाला? अमेरिकेतल्या एनबीएनेही १९७८-७९ मध्ये तीन पंच करून पाहिले आणि खर्चापायी बंद केले. शेवटी १९८८-८९ पासून तीन पंच कायमचे आले. आंतरराष्ट्रीय नियमातही मुख्य पंचासोबत एक किंवा दोन पंच चालतात.

नुसता तिसरा माणूस उभा करून भागणार नाही, हेही खरे. सराव नसेल तर तिघेही चेंडूच बघत बसतील. म्हणून सामन्यांच्या आधी चार संध्याकाळी आपल्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावर या जागा गिरवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. पोरे आपली आहेत. त्यांच्यावर नजर ठेवायला आणखी दोन डोळे मिळाले, तर तो खर्च वाया जाणार नाही.