विश्लेषण : शाळा बंद पडली, तर अभ्यास कशावर चालणार?

मुंबईतील शाळा मार्च 2020मध्ये बंद झाल्या. पहिली ते सातवीचे वर्ग उघडले ते थेट 15 डिसेंबर 2021 रोजी. जानेवारीत पुन्हा सुमारे तीन आठवडे टाळे. म्हणजे जून 2020मध्ये पहिलीत गेलेले खारदांड्याचे मूल वर्गातल्या बाकावर प्रथम बसले ते दुसरीत, तेही निम्मे वर्ष सरल्यावर.

ऑनलाइन वर्ग होते. पण कोळीवाड्यातील एका खोलीच्या घरात मोबाइल अनेकदा एकच, तोही सकाळी कमावत्याच्या खिशातून बाहेर जाणारा. जुलै 2020मध्ये सह्याद्री वाहिनीवर आलेल्या ‘टिलीमिली’ला डेटा पॅक लागत नव्हता, ही तिची मोठी जमेची बाजू. शंका मात्र टीव्हीला विचारता येत नाही.

मग टिकाऊ व्यवस्था कोणती? जी एकाच साधनावर विसंबत नाही: पुस्तक घरात, धडा टीव्हीवर आणि आठवड्यातून एकदा तरी गल्लीत येऊन वही तपासणारे शिक्षक. अतिवृष्टीची सुट्टी तर दर पावसाळ्यात ठरलेली, तरी त्या दिवसाच्या अभ्यासाची तजवीज क्वचितच असते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. शाळा महिनाभर बंद राहिली तर वह्या कोण तपासणार, हे त्या आराखड्यात लिहून घेता येते.