जड लोखंड, मजबूत ट्रॉली?

मिरजगावात कडबा वाहायला छोट्या ट्रॅक्टरमागे हलकी ट्रॉली करायची म्हटलं, की वेल्डिंगच्या दुकानात पहिला सल्ला ठरलेला: "भाऊ, जाड अँगल टाका. लोखंड जड तेवढं मजबूत." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले.

अहो, वजन आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५० बाय ५० चा ६ मिलिमीटर जाड अँगल मीटरला साडेचार किलो भरतो. ५० बाय ५० चा ३ मिलिमीटरचा चौकोनी पाइप त्याहून थोडा हलकाच. तरी वाकवायला पाइप जवळपास दीडपट ताठ आणि पिळायला चाळीसपटीहून जास्त! एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाडा पिळला जातो, आणि तिथेच सांधे तुटतात.

पटत नसेल तर दोन्हींचा मीटरभर तुकडा व्हाइसमध्ये धरा, दुसऱ्या टोकाला अर्ध्या मीटरचा दांडा लावून ४० किलोचा जोर द्या. अँगल वीसेक अंश पिळेल. पाइप जेमतेम अर्धा अंश. कारण एकच: लोखंड मध्यापासून दूर आणि सलग बंद असेल तर ते जास्त कामाला येतं. बांबू उगाच पोकळ नसतो.

मात्र पाइपाची तोंडं बंद करा, नाहीतर पाणी शिरून तो आतून गंजतो. हुकाच्या जागी जादा पट्टी हवीच. पाइप आयएस ४९२३ मानकाचा मागा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"ट्रकला चॅनेल, मग आपल्यालाही." ट्रकची चासी थोडी पिळावी अशीच बेतलेली असते, तिचे सांधेही बहुधा रिव्हेट-बोल्टचे.

"ॲल्युमिनियम उत्तमच." वजन एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने ६०६१ सारखा मिश्रधातू सांध्याजवळ मऊ पडतो.

"जितकं वेल्डिंग जास्त तितकं बरं." जादा उष्णतेने सांगाडा वाकडा होतो, एवढंच.

"ट्रॉलीला इंजिन नाही, मग नोंदणी कशाला?" १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारा.

आणि वाचवलेलं लोखंड? तेवढाच कडबा जास्त भरता येतो.