खोडदच्या जाळीत सापडलेला रेणू

म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. दह्याला किंवा पिकल्या फळाला वास कशाकशाचा येतो, असं तिथल्या एखाद्या रसायनतज्ज्ञाला विचारलं, तर उत्तरात ॲसिटाल्डिहाइडचं नाव यायचंच. दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, एवढासा रेणू. दारू पचवताना यकृतही आधी हेच तयार करतं. नमुना यंत्रात सोडला की त्याची ओळख पटते. पण हाच रेणू सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर, धनू राशीतल्या ‘सॅजिटेरियस बी-2’ या मेघात असेल तर?

तिथून नमुना येत नाही, रेडिओलहरी येतात. वायूतला रेणू गिरक्या घेत असतो, पण त्याला वाटेल तसं फिरता येत नाही. ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. एक पायरी उतरला की त्याच्या खास वारंवारतेची लहर सुटते. पायऱ्या इतक्या बुटक्या, की उणे 263 अंशांच्या थंडीतही त्या चढता-उतरता येतात. वृषभ राशीतल्या टीएमसी-1 या काळोख्या, गारठलेल्या मेघात 1985मध्ये ॲसिटाल्डिहाइड सापडलं ते याच खुणेवरून.

बहुतेक सेंद्रिय रेणूंच्या ठळक खुणा मिलिमीटर लांबीच्या लहरींत असतात, आणि त्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 45 मीटर व्यासाच्या तिथल्या 30 अँटेनांना पत्र्याऐवजी तारांची जाळी लावली. खर्च वाचला, वाऱ्याचा मार कमी झाला. इवल्या लहरी मात्र जाळीतून आरपार जातात. ॲसिटाल्डिहाइडची एक खूण 1065 मेगाहर्ट्झला आहे, म्हणजे लहर सुमारे 28 सेंटिमीटर लांब. ती जाळीतून निसटत नाही.

जयराम चेंगलूर आणि निस्सीम काणेकर या खगोलशास्त्रज्ञांनी नेमकी तीच धरली. त्यांचा निबंध 2003मध्ये आला. रेणू सॅजिटेरियस बी-2मध्ये आहे हे 1970च्या दशकापासून ठाऊक होतं. मेघात तो कुठवर पसरलाय, हा प्रश्न होता. अँटेना 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या असल्यामुळे अंशाच्या 900व्या भागाइतका बारीक तपशील टिपता आला. ॲसिटोन, ॲसिटिक आम्ल हे रेणू त्या मेघात एका लहानशा गाभ्यात एकवटलेले. ॲसिटाल्डिहाइड मात्र किमान 100 पट मोठ्या भागात निघालं.

हे कसं? धूलिकणांवर बर्फाचा थर असतो. वायूतून आघातलहर गेली की तो फुटतो आणि त्यातला माल बाहेर पडतो. असे आघात मेघात दूरवर होत असतील, तर रेणूही दूरवर मिळणार. मला हे पटतं. नुसत्या गाभ्यातल्या उष्णतेने एवढा पसारा होणं अवघड.

त्या ‘किमान’मध्ये मात्र मेख आहे. ही खूण दिसली ती फक्त जिथे रेडिओलहरींची उजळ पार्श्वभूमी आहे तिथेच. हे रेणू बहुधा मागून येणाऱ्या लहरी किंचित वाढवून पुढे धाडतात; मागे काही नसेल, तर वाढवणार काय? त्यामुळे नकाशातल्या कोऱ्या जागी ॲसिटाल्डिहाइड नाहीच, असं म्हणता येत नाही.