शेवंतीच्या छाट कलमांना मुळ्या हव्यात? आधी पाणी बघा



मृग लागला, शेवंतीच्या जुन्या झाडांना कोवळे शेंडे फुटलेत. शेगावात फुलांना गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही, हार बारा महिने लागतात. पण अर्धी रोपं जोमात अन् अर्धी खुरटी असली, तर तोडा कधी एकदम भरत नाही. म्हणून मुळ्या सगळ्या कलमांना बरोबरीनं फुटायला हव्यात. त्यासाठीच आयबीए हे संजीवक वापरतात.

पण एक गोष्ट आधी सांगतो. आपला भाग खारपाणपट्ट्यात येतो. गेल्या साली मी स्वतः संजीवक लावून कलमं केली अन् वरून बोअरचं पाणी दिलं. आठ दिवसांत कलमांची बुडं काळी पडली. चूक औषधाची नव्हती, पाण्याची होती. कोवळ्या मुळीला क्षार सोसत नाही. त्यामुळे कलमांपुरतं तरी पावसाचं पाणी वापरा. टिनावरून पडणारं पाणी दोन ड्रममध्ये धरलं, तर एवढ्या कामाला ते पुरून उरतं.

शेंडा निरोगी झाडाचा, कळी न आलेला, ५ ते ७ सेंटिमीटरचा घ्या. सकाळी लवकर काढा. खालची पानं खुडा, वरची दोन-तीन राहू द्या. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

शेवंतीसारख्या कोवळ्या काडीला १००० पीपीएम चालतं, म्हणजे १ लिटरमध्ये १ ग्रॅम आयबीए. ही पावडर नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आधी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवा, मग हळूहळू पावसाचं पाणी ओतत एक लिटर करा. (स्पिरिट पेट घेतं, चूल-बिडी लांबच ठेवा.) द्रावण दुधाळ दिसलं तर समजा, औषध बाहेर पडलं. मग थोडं स्पिरिट वाढवा. एक ग्रॅम मोजायला घरचा काटा कामाचा नाही, सोनाराकडचा लागतो. एकट्याला लिटरभर लागतही नाही. गटातल्या चार-पाच जणांनी मिळून करा, नाहीतर कोवळ्या काडीसाठीची तयार भुकटी घ्या. मला विचाराल तर थोड्या रोपांना भुकटीच बरी.

लागेल तेवढंच वाटीत काढा. काडीचं बूड १ सेंटिमीटर, ५ ते १० सेकंद बुडवा आणि मिनिटभर सुकू द्या. उरलेलं परत बाटलीत ओतू नका, एका रोगट काडीमुळे सगळी बाटली नासते. जास्त औषधानं जास्त मुळ्या येतात हाही गैरसमज आहे. उलट बूड जळतं. गुलाबाच्या जून काडीला मात्र २००० ते ३००० पीपीएम लागतं, तिथं शेवंतीचं माप चालवू नका.

वाफ्यात आपली काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते अन् काडी सडते. जाडी रेती किंवा धुतलेलं कोकोपीट घ्या. आधी काडकीनं भोक पाडा, मग कलम ठेवा, म्हणजे औषध पुसलं जात नाही. वर शेडनेट, दिवसातून तीन-चारदा हलकी फवारणी. पंधरा-वीस दिवसांत मुळ्या दिसतील. हळूच ओढून बघा, काडी धरून राहिली तर लागवडीला तयार. उशीर केला तर मुळ्या गुंततात.

लागवडीनंतर चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा आहे. त्याचा मेसेज वेळेवर येईल. द्रावणासाठी गट जमवायचा असेल तर आपल्या गटप्रमुखाला या आठवड्यातच सांगा.